जखमांचा मोजणीदार

माझ्या डाव्या गुडघ्याचा नकाशा गंगाधरपंतांच्या दप्तरात आहे. चतुःसीमेसह आहे. उत्तरेस मांडी, दक्षिणेस नडगी, पश्चिमेस उजवा गुडघा आणि पूर्वेस मोकळी जागा. खाली तारीख, वेळ, पंतांची झोकदार सही आणि शेरा : ‘खातेदार मोजणीच्या वेळी फार हलतो.’

हलणार नाही तर काय करणार? देवळाली प्रवरेच्या शाळेत माझी बदली होऊन जेमतेम आठवडा झाला होता. पाटाच्या कडेने सायकलवरून येताना समोरून उसाने भरलेली गाडी आली, मी बाजू द्यायला गेलो आणि खडीवर गुडघा सोलवटून घेतला. रक्त पाहिलं की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, मग ते माझं असो की दुसऱ्याचं. लंगडत घरी पोचलो तर शेजारच्या ओट्यावर एक उंच, वाळकुडे गृहस्थ उभे. अंगात बंडी, कानावर पेन्सिल. त्यांनी ‘अरेरे’ म्हटलं नाही की ‘बसा’ म्हटलं नाही. कनवटीचं घड्याळ काढलं आणि विचारलं, “किती वाजता पडलात?”

“झाली असतील पंधरा मिनिटं.”

“असतील नको. नक्की सांगा. शाळा सुटल्यावर थेट निघालात, की कुणाशी बोलत उभे राहिलात?”

ही आमची पहिली ओळख. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी माझा गुडघा उकळून गार केलेल्या पाण्याने धुतला. त्यावर तसाच उकळून गार केलेला काचेचा तुकडा धरला, काचेवर शाईने जखमेची हद्द आखली, ती चौकटीच्या कागदावर उतरवली आणि चौकोन मोजले. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन पूर्ण धरायचा, कमी भरलेला सोडून द्यायचा, हा मोजणी खात्याचा नियम. मग जखमेच्या दोन्ही बाजूंना शाईची एकेक खूण करून तिचे दोन पोटहिस्से पाडले. वरच्या पोटहिश्श्याला मध लावला. खालच्याला नुसतं पाणी आणि कोरडं फडकं.

“खालच्याला काहीच नाही?” मी विचारलं.

“तो ताळा,” पंत म्हणाले. “वरचं मधाने भरलं की आपलं आपण भरलं, हे खालच्यावरून कळायचं. गणिताचे मास्तर ना तुम्ही? ताळा न पाहता उत्तर लिहिता का?”

मी मराठी आणि भूगोल शिकवीत असे. पण गुडघा त्यांच्या हातात होता, म्हणून गप्प बसलो.

गंगाधरपंत मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेले. तीस वर्षं त्यांनी साखळी घेऊन जिल्हा पालथा घातला होता. राहात्याच्या काळ्या रानापासून पूर्वेकडच्या माळापर्यंत कुणाचा बांध कुणाच्या शेतात किती सरकला, हे त्यांनी भांडणाऱ्या भावांना तोंडावर सांगितलं होतं. आता मोजायला जमीन उरली नाही आणि हात काही स्वस्थ बसेनात, म्हणून म्हातारा जखमा मोजत हिंडतो, असं गावात म्हणत. गाव त्यांना मोजणीकाका म्हणे. तेही जखमेबद्दल बोलताना खात्याची भाषा सोडत नसत. जखम भरू लागली की ‘हद्द आत आली’. पू झाला की ‘अतिक्रमण’. दर दोन दिवसांनी नवा नकाशा आणि त्याचं कमी-जास्त पत्रक. माझ्या गुडघ्याच्या वरच्या भागाला मधापायी मुंग्या लागल्या, तर त्यांनी गंभीरपणे लिहिलं, ‘मुंग्यांची हरकत आली. फेटाळली.’

त्यांच्यासमोर ‘असं म्हणतात’ म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, ‘कापल्यावर एकदांडीचा पाला चोळावा, लगेच रक्त थांबतं असं म्हणतात,’ की पंत मान वर न करता म्हणत, “असं म्हणतात हा साक्षीदार कधी हजर राहत नाही. मोजून बघू.” आणि खरंच मोजून बघत. हळद, एकदांडी, कोरफड, बाभळीची साल, लोणी, खोबरेलात फेटलेली चुन्याची निवळी, सगळ्यांची त्यांच्याकडे पानं होती. महायुद्ध चालू होतं, कागद मिळत नव्हता. त्यामुळे ही पानं जुन्या गावनकाशांच्या पाठीवर लिहिलेली असत. कुणाचं करट एखाद्या गावाच्या गायरानामागे, तर कुणाचा अंगठा स्मशानभूमीमागे.

मलाही आरंभी हा सगळा विक्षिप्तपणाच वाटला. मग हंगाम भरात आला आणि पंत मला एका गुऱ्हाळावर घेऊन गेले.

उकळती काकवी अंगावर उडाली तर पाण्यासारखी ओघळून जात नाही. ती कातडीला चिकटून बसते आणि आत भाजत राहते. गुऱ्हाळावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तिची सही असे. त्यावर कोणी शेण थापी, कोणी चुलीतली राख भरी, एका ठिकाणी तर दौतीतली शाई ओतत. प्रत्येकजण आपल्या आज्याचा दाखला देई. तिथेच पंतांनी मला एका माणसाचा हात दाखवला. भाजल्यावर शेण आणि राख लावून हात तसाच बांधून ठेवला होता, त्याची चार बोटं एकमेकांना जुळून गेली होती. तो माणूस भांडं दोन्ही तळव्यांत धरून पाणी पीत होता आणि त्यातलं निम्मं सांडत होतं.

परतताना पंत म्हणाले, “पेन्शनीत आल्यावर पहिल्या वर्षी हा हात पाहिला, मास्तर. तेव्हापासून एकच डोक्यात आहे. एक तक्ता करायचा. भाजल्यावर काय लावावं, काय लावू नये. मोठ्या अक्षरात, आणि प्रत्येक गुऱ्हाळावर टांगायचा. पण त्यावर जायचं ते मोजलेलंच जायचं. नाहीतर माझ्या तक्त्यात आणि त्यांच्या आज्यात फरक काय?”

शेण आणि राख यांचा निकाल त्यांनी केव्हाच लावला होता. मध सगळ्यांच्या पुढे होता. पण पुढे असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. मध सिद्ध होत नव्हता, याचं कारण मधात नव्हतं, देवळालीच्या माणसांत होतं.

येसबा गुळव्याचीच गोष्ट घ्या. गूळ कधी उतरवायचा हे नुसत्या वासावरून सांगणारा हा गडी. त्याच्या मनगटावर काकवी सांडली. पंतांनी रीतसर दोन पोटहिस्से पाडले, वरच्याला मध लावला, खालचा ताळ्याला ठेवला आणि मधाची चिमुकली बाटली त्याच्या स्वाधीन केली. चौथ्या दिवशी मोजणीला आम्ही गेलो, तर दोन्ही हिस्से सारखेच भरलेले.

“येसबा, खालच्या बाजूला काय लावलंस?”

“काय न्हाई, काका.”

“मुंग्या आल्यात खाली.”

येसबाने खालच्या बाजूवरची मुंगी फुंकून उडवली. मग म्हणाला, “आता एकाच हाताचं अंग हाय न्हवं, काका? वरच्यानं मध खायाचा अन् खालच्यानं नुसतं बघत बसायचं व्हय? आमी पंगतीला आसं कुनाला करत न्हाई.”

असं प्रत्येक ठिकाणी झालं. माणसं फसवायची म्हणून नव्हे, न्यायाने फसवत. एका म्हातारीने तर ताळ्याच्या बाजूला आधी मध लावला, कारण ती बाजू ‘बिचारी गप हुती’. पंत कपाळाला हात लावून म्हणत, “पंक्तिप्रपंच! साऱ्या तालुक्याला पंक्तिप्रपंचाचं भय. बांधावरून भावाचं डोकं फोडतील, पण जखमेच्या दोन तुकड्यांत भेदभाव करायचे नाहीत.” त्यांच्यासमोर मी जोरजोराने मान डोलावली. आमच्या मंडळींनीही माझ्या गुडघ्याच्या खालच्या भागाला स्नानानंतर बोटभर मध फासला होता, हे मला ठाऊक होतं. मी त्याबद्दल आजतागायत बोललो नाही. माझा नकाशा खोटा आहे, एवढं आता कबूल करून टाकतो.

शेवटी पंतांनी ठरवलं, एका जखमेचे दोन तुकडे करण्यात अर्थ नाही. जोड पाहिजे. म्हणजे एकाच माणसाचे दोन्ही हात, एकाच घटकेला, एकाच भांड्यातल्या पदार्थाने, सारखेच भाजलेले. एकाला मध, एकाला पाणी, दोन्ही बांधलेले. आणि तो माणूस असा पाहिजे की जो चोरून मध लावणार नाही आणि विचारलं तर खोटं बोलणार नाही. तशी एक जोड मिळाली की तक्ता पुरा. कुणाचं वाईट चिंतणारे ते नव्हते. पण कुणी भाजल्याचं कळलं की त्यांच्या तोंडून ‘अरेरे’च्या आधी “एक हात की दोन?” हे निघून जाई, आणि मग ते स्वतःच ओशाळत.

एकदा तर ते स्वतःच जोड व्हायला निघाले. गुऱ्हाळावर जाऊन दोन्ही हातांच्या बाह्या सारल्या आणि काकवीची पळी मागितली. येसबाने पळी दिली, पण तेवढ्यात एका बाईला धाडून पंतांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, सांगावाही दिला. अक्का भर उन्हात अनवाणी चालत आल्या. “गंगाधर, पळी खाली ठेव,” एवढंच म्हणाल्या. पंतांनी पळी खाली ठेवली. घरी आल्यावर अक्कांनी पंतांना गळ्याची शपथ घातली आणि त्या चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बासष्ट वर्षांचा तो पेन्शनर त्या चार दिवसांत तीनदा माझ्याकडे चहा प्यायला आला.

अक्का पंतांहून अकरा-बारा वर्षांनी मोठ्या. लहानपणीच लग्न झालं, नवरा गेला आणि तेराव्या वर्षी त्या माहेरी परत आल्या. त्याच साली आई वारली आणि दीड वर्षाचा गंगाधर त्यांच्या कडेवर आला. तो खाली उतरलाच नाही म्हणा ना. पंतांची बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली. पुढे मोजणीच्या तंबूतंबूतून, बैलगाडीत भांडी आणि देव घेऊन, अक्काच त्यांच्याबरोबर हिंडल्या. हे सगळं आमच्या मंडळींनी मधल्या भिंतीवरून गोळा केलेलं. पंत याबद्दल चकार शब्द बोलत नसत. त्या दोघांचं बोलणं म्हणजे भांडण, आणि भांडण बहुतेक हळदीवरून.

“आईने हळद लावली, आजीने हळद लावली,” अक्का म्हणत.

“साक्षीदार दोन. दोघीही मयत.”

“तू जिवंत आहेस ना? चौथ्या वर्षी जात्यावर आपटलास, तेव्हा कपाळाच्या खोकेत मीच हळद भरली होती.”

“ताळा नव्हता, अक्का.”

“दुसरं डोकं कुठून आणू रे तुझं?”

 यावर पंत बाहेर ओट्यावर येऊन बसत आणि काचेचा तुकडा उगाच पुसत राहत.

त्या वर्षी भोगीच्या दिवशी सकाळी मी घरीच होतो. शेजारी काहीतरी आदळलं आणि पाठोपाठ काहीच आवाज आला नाही, म्हणून आम्ही दोघं धावलो. अक्का तिळगुळासाठी पाक करत होत्या. सांडशीतून पातेलं निसटलं. दुसरं कुणी मागे सरलं असतं. पण युद्धाच्या टंचाईत गूळ मोठ्या मिनतवारीने मिळालेला, तो वाया कसा जाऊ द्यायचा? अक्कांनी पडतं पातेलं दोन्ही हातांनी धरायला पाहिलं. उकळता पाक दोन्ही हातांवर, बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात पुढे धरून, डोळे मिटून. ओठ पांढरे पडले होते.

पंतांनी घागरच्या घागर त्यांच्या हातांवर ओतली. मग आमच्या घरची ओतली. चिकटलेला पाक निवून हळूहळू सुटला तेव्हा खालचं मला बघवेना. मी दाराकडे तोंड केलं. काही वेळाने मागे पाहिलं तर पंतांनी काच, कागद, शाई, उकळलेली फडकी, मधाची बाटली सगळं मांडलं होतं आणि ते त्यापुढे नुसते बसले होते.  

अक्कांनी डोळे उघडले. त्यांनी मांडलेलं सामान पाहिलं, मग भावाकडे पाहिलं.

“गंगाधर,” त्या म्हणाल्या, “ही घे तुझी जोड. एकच भांडं, एकच घटका. डाव्याला मध लाव. उजवा पाण्यावर राहू दे. मी चोरून लावायची नाही, ठाऊक आहे ना तुला?”

 आमच्या मंडळींनी पदर तोंडाला लावला. पंतांनी काचेचा तुकडा उचलला, क्षणभर हातात धरला आणि बाजूला ठेवून दिला. मग बाटलीचं बूच काढलं. उजव्या हाताला मध लावला. डाव्या हाताला मध लावला. एकेका बोटाला वेगळी पट्टी गुंडाळली, दोन बोटं एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये घड्या घातल्या. बाटली संपली.

“अरे, ताळा?” अक्का म्हणाल्या.

“गप्प बस, अक्का,” पंत म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण तो चढला नाही.

पुढचा महिना त्या घराने फार काळजीत काढला. बोटं मोकळी राहतात की जुळतात, एवढाच प्रश्न होता. राहुरीहून डॉक्टर येऊन बघून गेले. पट्ट्या रोज बदला, दुखलं तरी बोटं हलवा, असं सांगून गेले. रोज सकाळी पट्ट्या सोडल्या की पंत एकेक बोट धरून हलवत आणि अक्का त्यांच्या सातही पिढ्यांचा उद्धार करत, म्हणजे स्वतःच्याही. मधाच्या शोधात पंत दर बाजाराला राहुरीपर्यंत चालत जात. येसबानेही एक मोहोळ काढून आणलं, डोळा सुजवून घेऊन. कागदाला मात्र पंतांनी हात लावला नाही. त्या जखमेचा एकही नकाशा नाही.

आणि दोन्ही वेळा ते अक्कांना भरवत. सोवळं नेसून, आधी स्वतः रांधून. अन्न करण्याचा त्यांना काडीचा सराव नव्हता. “घास केवढा करतोस? मी काय बैल आहे?” “वरणात मीठ घातलंस की सगळा समुद्र?” हे भिंतीपलीकडून ऐकू येई. आमच्या मंडळी दोन-तीनदा म्हणाल्या, ‘मी करते की.’ पंतांनी मान हलवली. “तिने मला भरवलं तेव्हा शेजारणीला बोलावलं नव्हतं,” म्हणाले.

महिना उलटल्यावर डॉक्टर पुन्हा आले आणि म्हणाले, बोटं वाचली. उजव्या हाताची करंगळी थोडी आखडेल, बाकी काम होईल. हाताला अजून पट्ट्या होत्या, पण घरातलं सावट गेलं. त्या संध्याकाळी मी ओट्यावर पंतांजवळ जाऊन बसलो. ते दमलेले दिसत होते, आणि एकदम म्हातारे.

“तक्ता करतोय,” ते आपण होऊन म्हणाले. “शेण नको, राख नको, शाई नको. गार पाणी भरपूर, बोटं वेगळी बांधा. एवढं मोजलेलं आहे.”

“आणि मध?”

“मधापुढे ‘मोजणी अपुरी’ असं लिहीन.”

मी मास्तर. समोरचा चुकला की बोट ठेवल्याशिवाय राहवत नाही. “पंत, राग मानू नका, पण जोड मिळाली होती तुम्हाला. अक्का स्वतः म्हणाल्या होत्या.”

“मोजणीदाराने आपल्या घरच्या जमिनीची मोजणी करायची नसते, मास्तर. दुसऱ्याकडे द्यावी लागते. खात्याचा नियम आहे.”

उत्तर चोख होतं. मी तिथेच थांबायला हवं होतं. “मग माझ्याकडे द्यायची होती,” मी म्हणालो. “मी मोजली असती.”

 पंत चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसू लागले.

“मला दीड वर्षाचा असल्यापासून वाढवलं तिने,” ते म्हणाले. “दोन्ही हातांनी वाढवलं. त्यातला कुठला पाण्यावर ठेवायचा, तेवढं सांगा मला.”

  सहा-सात वर्षांचं काम या माणसाने एका सकाळी सोडून दिलं होतं आणि ते कुणाला कळू नये म्हणून खात्याचा नियम पुढे केला होता.

तेवढ्यात आतून अक्कांची हाक आली. “गंगाधर, अरे, नाक खाजतंय माझं.”

“आलो, आलो,” म्हणत पंत गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि आत गेले.

“डावीकडे की उजवीकडे?” त्यांचा आवाज ऐकू आला.

“खाजव मेल्या कुठेही,” अक्का म्हणाल्या, “मोजत नको बसू.”